दुखण्याची गोळी मागितल्यावर आधी प्रश्न विचारणारे मेडिकल

जळगाव जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी औषधांची दुकाने बरीच आहेत. त्यांपैकी भाजीबाजाराच्या तोंडाशी असलेल्या एका मेडिकलविषयी हे परीक्षण आहे. दुकानाचे नाव देऊ नये अशी मालकांची इच्छा असल्यामुळे ते देत नाही. गावातले लोक वर्णनावरून ओळखतीलच आणि बाहेरगावच्या वाचकाला नावापेक्षा तिथली पद्धत समजणे जास्त उपयोगाचे आहे. परीक्षणाची कक्षाही मी मुद्दाम लहान ठेवली आहे. मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या माणसासाठी वेदनाशामक औषध घ्यायला गेले असता हे दुकान कसे वागते, एवढेच मला सांगायचे आहे. सवलत, घरपोच सेवा वगैरे गोष्टी ओघात येतील तेवढ्याच.

माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. मधुमेह जुना, रक्तदाब त्याच्या जोडीला आणि आता जळगावला आठवड्यातून तीनदा डायलिसिस. किडनीच्या आजारात लघवी आणि सूज यांचीच चर्चा होते, पण घरात राहून पाहणाऱ्याला कळते की या आजारात दुखणे फार असते. सासूबाईंचे गुडघे पूर्वीपासूनच गेलेले आहेत, मधुमेहामुळे तळपायांची रात्रभर आग होते, डायलिसिसहून आल्यावर डोके ठणकते आणि कधी मशीनवर असतानाच पोटऱ्यांत गोळे येतात. म्हणजे ज्या माणसाला दुखण्याच्या गोळीची गरज सर्वांत जास्त, त्यालाच बाजारात सर्वांत सहज मिळणाऱ्या गोळ्या वर्ज्य असतात. अशा घराला मेडिकल दुकान कसे मिळते यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

आपल्याकडे दुखण्याची गोळी मागण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. शेतावरून येणारा माणूस सायकल टेकवून उभ्या उभ्या म्हणतो, “भाऊ, गुडघा भलताच दुखी ऱ्हायना, एखादी गोई दे,” आणि काउंटरवरचा मुलगा हात मागे नेऊन न बघता एक पत्ता ओढतो, कात्रीने चार गोळ्या कापतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. औषधाचे नाव बहुधा उरलेल्या पत्त्यावर दुकानातच राहते, आणि घरी येतो तो चांदीच्या कागदाचा एक निनावी तुकडा, ज्यावर एखादे अर्धे अक्षर आणि तुटलेली तारीख असते. पुढे त्या माणसाला उलट्या झाल्या किंवा लघवी कमी झाली, तर डॉक्टर विचारतात की कोणती गोळी घेतली होती, आणि उत्तर मिळते, “दुखण्याची.”

या दुकानात पत्ता कापला तर चार गोळ्या कागदी पाकिटात घालून त्यावर घटकाचे नाव, मिलिग्रॅम आणि मुदतीची तारीख बॉलपेनने लिहून देतात. मराठीत लिहितात आणि ठसठशीत लिहितात. कंपनीचे नाव कंसात, घटकाचे नाव मोठे. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण सासूबाईंच्या औषधांच्या डब्यात आज जी शिस्त आहे, तिची सुरुवात या पाकिटांपासून झाली.

पाकिटाच्या आधी प्रश्न येतात. दुकानाचे मालक स्वतः नोंदणीकृत फार्मासिस्ट आहेत आणि गाव त्यांना नुसते ‘भाऊ’ म्हणते. ‘दुखण्याची गोळी’ हे शब्द कानावर पडले की त्यांचे विचारणे सुरू होते: गोळी कुणासाठी, वय काय, किडनीचा, बीपीचा, शुगरचा किंवा हार्टचा त्रास आहे का, बीपीची किंवा लघवीची कोणती गोळी चालू आहे का, दोन-चार दिवसांत उलट्या-जुलाब झाले होते का. शेवटचा प्रश्न उन्हाळ्यात ते कुणालाच चुकवत नाहीत. खानदेशात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना दिवसभर रानात राबून, अंगातले पाणी गेलेल्या अवस्थेत रिकाम्यापोटी वेदनाशामक गोळी घेतली, तर चांगल्या मूत्रपिंडालाही अचानक इजा होऊ शकते. अर्धे गेलेले मूत्रपिंड तर त्या एका आठवड्यात डायलिसिसपर्यंत पोहोचू शकते.

कारण समजून घेण्यासारखे आहे आणि भाऊंनी ते मला ज्या पद्धतीने सांगितले, ती पद्धतही. ते मूळचे साक्रीकडचे. पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी वाटून घेण्याची जुनी रीत, त्यांनी लहानपणी पाहिलेली. त्या पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी फडाफडांत सोडणारा पाटकरी असतो; पाणी कमी असले तरी शेवटच्या वाफ्यापर्यंत धार जावी हे पाहणे त्याचे काम. मूत्रपिंडाच्या गाळण्यांकडे रक्त नेणाऱ्या बारीक नलिकेवर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये नेमके हेच काम करतात. मूत्रपिंड धडधाकट आहे, अंगात पाणी पुरेसे आहे, तेव्हा पाटकरी एक दिवस आला नाही तरी भागते. परंतु आजारी मूत्रपिंडात रक्ताची आवक मुळात तंग असते आणि सारा भार या पाटकऱ्यावर असतो. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, निमेसुलाइड, केटोरोलॅक ही सगळी मंडळी प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. वेदना आणि सूज त्यामुळेच कमी होते, आणि मूत्रपिंडाकडची धार आटते तीही त्यामुळेच. अ‍ॅस्पिरिनच्या कुळातल्या औषधांचे हे गुपित जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडले आणि त्या संशोधनाला १९८२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. औषधाचा गुण आणि दोष एकाच मुळातून निघत असल्यामुळे ‘चांगल्या कंपनीची’ गोळी घेऊन हा दोष टाळता येत नाही.

परिणाम फक्त गाळण्यापुरते थांबत नाहीत. अंगात मीठ आणि पाणी साठते, पायांवर सूज चढते, बीपीची औषधे लागू पडेनाशी होतात आणि रक्तातले पोटॅशियम वाढते. सासूबाईंचे माहेर रावेरकडचे, केळीच्या बागांत वाढलेल्या. पोटॅशियमपायी त्यांनी केळे सोडले आहे आणि त्याचे दुःख त्या अजून बोलून दाखवतात. घरचे केळे नाकारायचे आणि बाजारची गोळी निर्धास्त घ्यायची, याला काही अर्थ नाही. त्यातही टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांसारखी बीपीची गोळी, तिच्या जोडीला लघवीची गोळी आणि वर दुखण्याची गोळी असे तीन पदार्थ एकत्र आले, तर मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी दाब येतो. मधुमेही माणसाच्या चिठ्ठीत पहिल्या दोन गोळ्या बऱ्याचदा असतात. तिसरी तो स्वतः विकत घेतो. भाऊ बीपीच्या गोळीबद्दल विचारतात ते यासाठी.

दोन गैरसमज या दुकानात रोज ऐकू येतात आणि रोज खोडले जातात. पहिला, सोबत गॅसची गोळी घेतली की झाले. पँटोप्राझोल जठराला सांभाळते. मूत्रपिंडाला तिचा काही आधार नाही. दुसरा, एटोरिकॉक्सिबसारखी नवी गोळी सौम्य असते. ती पोटाला काहीशी सौम्य असेल, पण मूत्रपिंडातली प्रोस्टाग्लँडिन तीही रोखते.

डायक्लोफिनॅकचा विषय निघाला की मला गिधाडे आठवतात. जनावरांना दुखण्यावर हे औषध टोचले जाई. असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाल्लेली गिधाडे मूत्रपिंडे बंद पडून मरत आणि त्यांच्या आतड्यांवर, यकृतावर युरिक अ‍ॅसिडचा पांढरा थर साचलेला सापडे. २००४ मध्ये कारण सिद्ध झाले, २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली आणि माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जाऊ नयेत म्हणून २०१५ मध्ये कुपीही एका मात्रेपुरती, ३ मिलिलिटरची करण्यात आली. पक्ष्याचे शरीर आणि माणसाचे शरीर सारखे नाही, हे मान्य. तरीही ज्या औषधाने आकाशातली गिधाडे नाहीशी झाली, ते माणसाला देताना दोन प्रश्न विचारणे फार झाले असे कुणी म्हणू नये.

आता नावांचा घोटाळा. वोवेरान म्हटले की डायक्लोफिनॅक, हे जुन्या लोकांना माहीत असते. पण कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामोलबरोबर ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आहे, झेरोडॉल-पीमध्ये पॅरासिटामोलबरोबर १०० मिलिग्रॅम अ‍ॅसिक्लोफिनॅक आहे आणि मुलींना पाळीत दिल्या जाणाऱ्या मेफ्टाल स्पासमध्ये मेफेनॅमिक अ‍ॅसिड आहे, हे किती घरांत ठाऊक असते? “आम्ही तर फक्त पॅरासिटामोलवाली देतो,” असे सांगणाऱ्यांच्या हातात पुष्कळदा जोडगोळी असते. भाऊ पत्ता उलटा करून चष्मा कपाळावर सारतात आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरे नखाने दाखवतात. हृदयरोगासाठी रोज घेण्याची ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन ही वेगळी गोष्ट, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, हेही ते न चुकता सांगतात. अ‍ॅस्पिरिनचीच असलेली डिस्प्रिनची गोळी मात्र दुखण्यासाठी म्हणून किडनीच्या पेशंटला देत नाहीत.

मग देतात काय? बहुतेक वेळा साधे पॅरासिटामोल. क्रोसिन असो, डोलो असो की जनऔषधी केंद्रातली त्याच घटकाची गोळी असो, प्रगत मूत्रपिंड-विकारात पहिली निवड हीच मानली जाते. मात्र तिलाही मर्यादा आहे. धडधाकट माणसासाठी दिवसाची कमाल मात्रा ४ ग्रॅम सांगितली जाते. प्रगत किडनी विकारात बहुतेक डॉक्टर ती ३ ग्रॅमच्या आत ठेवतात, वजन कमी असेल किंवा यकृत बिघडलेले असेल तर आणखी खाली आणतात आणि दोन गोळ्यांत सहा ते आठ तासांचे अंतर ठेवायला सांगतात. सासूबाईंच्या पाकिटावर भाऊंनी लिहिले आहे, “५०० ची, एका वेळी १, दिवसाला ४ च्या वर नाही, सर्दीच्या गोळीबरोबर नाही.” सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामोल आधीच असते, म्हणून ते शेवटचे वाक्य. पाण्यात विरघळणारी, फसफसणारी गोळी मागणाऱ्याला ते साधी गोळी देतात, कारण तसल्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असू शकते आणि मीठ तोडलेल्या माणसाने ते गोळीतून घ्यावे हे विचित्रच आहे. हे मला दुसऱ्या कोणत्याही दुकानात कुणी सांगितलेले नाही.

या दुकानाची खरी किंमत मला कळली ती एका चिठ्ठीमुळे. सासूबाईंच्या पायांची आग आणि गुडघे यांसाठी आम्ही शहरातल्या एका हाडांच्या डॉक्टरांना दाखवले. डायलिसिस चालू असल्याचे मी त्यांना सांगितले होते. बाहेर रांग मोठी होती, तपासणी पाच मिनिटांत आटोपली आणि चिठ्ठी हातात आली. भाऊंनी ती काउंटरवर ठेवून दोनदा वाचली. वरती अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामोलची जोडगोळी सकाळ-संध्याकाळ, खाली नसांच्या दुखण्यावरचे प्रेगाबालिन ७५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस.

“ताई, आईंचं डायलिसिस चालू आहे ते डॉक्टरांच्या ध्यानात होतं का?”

“मी स्वतः सांगितलं होतं, भाऊ.”

“मग चिठ्ठीवर कुठं दिसत नाही. थांबा दोन मिनिटं, मी फोन लावतो. तोवर आईंची जळगावची फाइल असेल तर फोटो मागवा.”

फार्मासिस्टने स्वतःच्या अधिकारात चिठ्ठी बदलायची नसते आणि त्यांनी ती बदलली नाही. त्यांनी हाडांच्या डॉक्टरांना फोन केला, सौम्य शब्दांत विचारले, मग जळगावच्या किडनी-तज्ज्ञांशी आमचे बोलणे करून दिले. जोडगोळी रद्द झाली, पॅरासिटामोल राहिले. प्रेगाबालिन २५ मिलिग्रॅमवर आले, तेही रात्री एकदाच आणि डायलिसिसच्या दिवशी डायलिसिस झाल्यानंतर. त्यामागचे कारण असे, की प्रेगाबालिन आणि गॅबापेंटिन ही औषधे शरीरातून जवळपास संपूर्णपणे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. ती वाट बंद असली की प्रत्येक गोळी आधीच्या गोळीवर साठत जाते. माणूस गुंगीत राहतो, असंबद्ध बोलतो, हातपाय झटके देतात, रात्री उठताना पडतो, आणि घरचे समजतात की म्हातारपण आले. डायलिसिसमध्ये हे औषध धुतले जाते, म्हणून त्या दिवशीची मात्रा आधी न घेता नंतर घ्यायची. जीवनसत्त्वाच्या नावाखाली खपणाऱ्या कित्येक कॅप्सूलमध्ये मेथिलकोबालामिनबरोबर ७५ मिलिग्रॅम प्रेगाबालिन घातलेले असते, ही गोष्ट मला त्या दिवशी समजली. “नसांच्या ताकदीची कॅप्सूल” म्हणून ती शेजारीपाजारी सुचवली जाते.

औषध देताना रुग्णाला माहिती देणे, शंका आल्यास डॉक्टरांशी बोलणे, हे फार्मासिस्टचे काम असल्याचे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत लिहिलेलेच आहे. म्हणजे भाऊंनी केले ते उपकार नव्हेत, कर्तव्यच होते. परंतु नियमातले कर्तव्य काउंटरवर उतरलेले इतके कमी दिसते की त्याची नोंद घ्यावी लागते.

तीव्र वेदनेसाठीच्या औषधांबाबत दुकान कडक आहे आणि त्यावरून गिऱ्हाइकांशी खटकेही उडतात. ट्रामाडॉल हे शेड्यूल एच-१ मधले औषध आहे. २०१४ पासून अशा औषधांसाठी वेगळे रजिस्टर ठेवावे लागते, त्यात डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध आणि नग लिहावे लागतात आणि ते तीन वर्षे जपावे लागते. भाऊ मोबाइलवरचा चिठ्ठीचा फोटो चालवून घेत नाहीत, जुन्या चिठ्ठीवर पुन्हा देत नाहीत. मूत्रपिंडाची गाळण्याची गती मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली गेलेली असेल तर साध्या ट्रामाडॉलच्या दोन मात्रांत १२ तासांचे अंतर आणि दिवसाला २०० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा असते, डायलिसिसवरील रुग्णांना बहुधा त्याहूनही कमी देतात आणि दीर्घकाळ पाझरणारी गोळी टाळतात. त्यामुळे चिठ्ठीत ‘एस.आर.’ दिसले की त्यांचा फोन पुन्हा बाहेर निघतो. कोडीन आणि मॉर्फिन यांचे शरीरात होणारे अवशेष मूत्रपिंडावाटेच जातात, ते साठले तर गुंगी येते आणि श्वास मंदावतो. म्हणून अशा रुग्णांत कर्करोगासारख्या असह्य वेदनेसाठीही डॉक्टर फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा कातडीवर लावायचा पॅच पसंत करतात. तो पॅच गरम पाण्याच्या पिशवीखाली किंवा उन्हात तापला तर औषध जास्त वेगाने अंगात शिरते, ही सूचना आमच्या हवामानात विशेष मोलाची आहे. या सर्व औषधांनी बद्धकोष्ठ होतो आणि डायलिसिसच्या माणसाला पाणी पिण्यावरही मोजमाप असते, तेव्हा पोट साफ राहण्याचे औषध डॉक्टरांकडून सोबतच लिहून घ्यावे, असे भाऊ सुचवतात.

मलमाबद्दल त्यांचे मत मध्यम आहे आणि मला ते पटते. डायक्लोफिनॅकचे जेल चोळल्यावर रक्तात उतरणारे औषध गोळीच्या मानाने साधारण ६ टक्के असते. एका गुडघ्याला, थोडे दिवस, किडनीच्या डॉक्टरांना विचारून लावायला हरकत नसते, पण दोन्ही गुडघे, कंबर, खांदे असे सर्वांगाला महिनोन्‌महिने चोपडणे म्हणजे मागल्या दाराने तेच औषध आत घेणे. सासूबाईंना सध्या मिठाच्या पुरचुंडीचा शेक आणि साधा बाम यांनी बरे वाटते. बामाची तारीफ करण्याचे कारण नाही, पण सध्या तेवढ्यावर भागते.

सुई टोचून घेण्याचा आग्रह हा आपल्याकडचा आणखी एक प्रकार. गोळी पोटातून जाते म्हणून वाईट आणि सुई थेट जाते म्हणून निर्धोक, असे समजणारी माणसे मी शिकलेल्या घरांतही पाहिली आहेत. डायक्लोफिनॅकची सुई मूत्रपिंडाला गोळीइतकीच महाग पडते. शिवाय डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेले असते आणि या आजारात रक्त थांबवण्याची शक्तीही कमी झालेली असते; त्यात या गोळ्या किंवा सुया जठराला व्रण करतात, तेव्हा रक्तस्रावाचे भय दुप्पट. ‘आता किडनी गेलीच आहे, मग गोळीने आणखी काय बिघडणार’ या युक्तिवादाला उत्तर यातच आहे. त्यातून डायलिसिसवर असूनही ज्यांना थोडीफार लघवी होते, त्यांच्यासाठी ती उरलेली लघवी फार मोलाची असते, कारण तिच्यामुळे पाणी आणि आहार यांत थोडी मोकळीक मिळते. लघवी पूर्ण बंद झालेल्या एखाद्या रुग्णाला किडनी-तज्ज्ञ विचारपूर्वक थोड्या दिवसांसाठी अशी गोळी देतातही, पण तो निर्णय त्यांचा.

पोटऱ्यांत गोळे येत असतील तर त्यासाठी भाऊ दुखण्याची गोळी देतच नाहीत. हे गोळे डायलिसिसच्या वेळी पाणी भराभर काढल्यामुळे येतात, तिथल्या तंत्रज्ञाला आणि डॉक्टरांना सांगा, असे म्हणून परत पाठवतात. गल्ला बुडवून गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मी तरी एवढाच पाहिला आहे.

आता उणिवा, आणि त्या लहान नाहीत. पहिली उणीव अशी की किडनीचा त्रास आहे का, हा प्रश्न भर रांगेत, खणखणीत आवाजात विचारला जातो. आमच्यापुढे उभे असलेले एक गृहस्थ त्या प्रश्नाने संकोचून “नाही, नाही” म्हणाले आणि गोळी न घेताच निघून गेले. ते खरे बोलले की नाही कोण जाणे. लग्न ठरायच्या मुलीचे किंवा नोकरीतल्या माणसाचे दुखणे गावभर होऊ नये असे वाटणे स्वाभाविक आहे. काउंटरच्या एका टोकाला पडदा लावला, किंवा प्रश्नांचा छापील कागद पुढे सरकवून बोटाने दाखवायला सांगितले, तरी काम भागेल. मी हे भाऊंना सुचवले. ते हसून “गर्दीत ध्यान राहत नाही” म्हणाले, म्हणजे सुधारणेची आशा मध्यम.

दुसरी उणीव, सगळा कारभार एका माणसावर उभा आहे. दुपारी भाऊ जेवायला जातात तेव्हा काउंटरवर जो मुलगा असतो, तो नम्र आणि चपळ आहे, पण प्रश्न विचारत नाही. माझ्या देखत त्याने एका म्हाताऱ्या बाईंना अ‍ॅसिक्लोफिनॅकच्या गोळ्या कापून दिल्या. पाकिटावर नाव मात्र व्यवस्थित लिहिले. पत्त्यावर लाल उभी रेघ असलेले औषध चिठ्ठीशिवाय द्यायचे नसते, हा नियम भाऊ किडनीच्या पेशंटसाठी काटेकोर पाळतात आणि तरण्याबांड शेतकऱ्यासाठी सैल सोडतात, हेही मला खटकते. कंबरदुखीवर हंगामभर रोज एक गोळी घेणारा कापूसवेचणीचा मजूर आज तरणा आहे, पण त्याचा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कितपत चालते ते दाखवणारा रक्तातला घटक, कुणी तपासलेला नाही. सुरुवातीच्या काळात हा आजार काही लक्षणच दाखवत नाही, त्यामुळे “काही त्रास आहे का” या प्रश्नाला प्रामाणिक माणूसही चुकीचे उत्तर देऊ शकतो.

तिसरी गोष्ट काउंटरवरच्या काचेच्या बरणीशेजारची. तिथे वातावरच्या चूर्णाचे आणि तेलाचे डबे मांडलेले आहेत. परवाना असलेल्या कंपन्यांचा माल आहे, आणि गावोगाव फिरून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांशी, ज्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक कुटून मिसळल्याची प्रकरणे डॉक्टरांना वारंवार भेटतात, त्यांची तुलना करणे अन्यायाचे होईल. परंतु गोळीबाबत इतकी चौकशी करणाऱ्या दुकानात चूर्ण मात्र कुणीही हात घालून उचलून न्यावे, ही विसंगती आहे. किडनीच्या पेशंटने चूर्ण, काढा, भस्म यांपैकी काहीही डॉक्टरांना न विचारता घ्यायचे नसते.

किमतीबद्दल तक्रार नाही. छापील किमतीवर थोडी सूट मिळते, जनऔषधी केंद्राइतके स्वस्त अर्थातच नाही. जी गोळी तिथे मिळते ती तिथून घ्या, असे भाऊ स्वतःच सांगतात. कापलेला पत्ता परत घेत नाहीत. घरपोच सेवा आहे, पण पिशवी आणणाऱ्या मुलाला काही विचारून उपयोग नाही, म्हणून वेदनाशामक औषधासाठी मी ती वापरत नाही. पॅच दुकानात ठेवलेले नसतात, जळगावहून मागवावे लागतात आणि एक-दोन दिवस लागतात. ज्यांच्या घरी तशी चिठ्ठी आहे त्यांनी शेवटचा पॅच लावला त्याच दिवशी पुढचा सांगून ठेवावा. जाताना रुग्णाचा ताजा क्रिएटिनिनचा कागद, डायलिसिसचे वार आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी, म्हणजे भाऊंचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात आणि मोठ्याने उत्तरे देण्याची वेळ येत नाही. आणि दुपारी दोन ते चार या वेळात जाऊ नये. गेलेच तर भाऊ येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसावे.